सुदामा नगरातल्या मॅडमकडे इंटरव्ह्यूची तयारी: सविस्तर अभिप्राय

इंग्लंडमध्ये बालरोग विभागात नोकरी करताना मी अ‍ॅकॅडमिक क्लिनिकल फेलोशिपसाठी अर्ज केला आणि मुलाखत नेमकी मी इंदूरला असतानाच्या दिवसांत आली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्यामुळे परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाखत ऑनलाईन होती, ती कुठूनही देता आली असती. तयारी कोणाबरोबर करायची, ही खरी अडचण होती. चौकशी करता करता सुदामा नगरात राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापिकांबद्दल कळलं. त्या आयुष्यभर पीएसएम, म्हणजे आजच्या भाषेत कम्युनिटी मेडिसिन, शिकवत आल्या आणि आता घरी मुलाखतींचा सराव घेतात. त्यांची जाहिरात नाही, पाटी नाही, सगळं तोंडोतोंडी चालतं. म्हणून हे लिहिते आहे. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "लिही गं, पण माझं नाव-पत्ता घालू नकोस." तेवढं पाळते.

ही फेलोशिप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी पेशंट बघता बघता संशोधनही शिकावं म्हणून २००५ च्या वॉलपोर्ट अहवालानंतर ही वाट आखली गेली. पैसा एनआयएचआर या सरकारी संशोधन संस्थेकडून येतो. नेमणूक साधारण तीन वर्षांची, जनरल प्रॅक्टिसमध्ये चार. त्यातला तीन चतुर्थांश वेळ वॉर्डात जातो आणि एक चतुर्थांश संशोधनासाठी राखून मिळतो. म्हणजे तीन वर्षांत एकूण नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत पुढच्या पीएचडीच्या फेलोशिपसाठी अर्ज करण्याइतकी तयारी व्हावी, अशी अपेक्षा असते. जागा थोड्या असतात. डॉक्टर म्हणून तुम्ही लायक आहात हे वेगळं ठरतं आणि संशोधक म्हणून तुमच्यात काय आहे हे वेगळ्या मुलाखतीत बघतात. मी मॅडमकडे गेले ते या दुसऱ्या भागासाठी.

त्याआधी मी पैसे भरून एक ऑनलाईन कोर्स घेतला होता. त्यात प्रत्येक प्रश्नाचं तयार उत्तर होतं: संशोधन का करायचंय, नेतृत्व कुठे दाखवलं, अपयशातून काय शिकलात. उत्तरं गुळगुळीत होती आणि सगळ्यांना तीच दिली जात होती. सरावाच्या गटातली चार जणं एकामागून एक तेच वाक्य बोलताना मी ऐकली. समोर बसणाऱ्या प्राध्यापकांनी ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल, हा विचार मनातून जाईना. मॅडमकडे याच्या अगदी उलट कारभार आहे, आणि मला त्यांचं महत्त्व वाटतं ते त्यासाठीच.

बैठक त्यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती होते. टेबलावर छापील पेपरांचा, म्हणजे शोधनिबंधांचा, गठ्ठा, पेन्सिली आणि एक जुनं पोस्टकार्ड. एका वेळी पाच-सहा जण असतात आणि सगळे वेगवेगळ्या मुलाखतींच्या वाटेवर. कोणी एसआर-शिपसाठी, म्हणजे सीनियर रेसिडेंटच्या जागेसाठी, कोणी असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी, कोणी एम्समध्ये सुपरस्पेशालिटीला जायचं म्हणून. परदेशच्या मुलाखतीसाठी आलेली त्या काळात मी एकटीच होते. मराठी मुलांशी त्या मराठीत बोलतात, बाकीच्यांशी हिंदीत, आणि उत्तरं मात्र मुलाखत ज्या भाषेत असेल त्या भाषेत मागतात.

पेपर वाचण्याचा सराव हा इथला खरा ऐवज. अ‍ॅबस्ट्रॅक्टचा, म्हणजे पेपरच्या सारांशाचा, कागद हातात देतात, निष्कर्षाच्या ओळींवर ते पोस्टकार्ड ठेवतात आणि सात मिनिटं देतात. निष्कर्ष तुम्ही काढायचा आणि मग कार्ड उचलून लेखकांनी काय म्हटलंय ते ताडून बघायचं. मुलाखतीतही बऱ्याच ठिकाणी असाच एखादा अ‍ॅबस्ट्रॅक्ट थोडा वेळ वाचायला देऊन त्यावर बोलायला लावतात, त्यामुळे हा सराव नेमका कामाचा आहे.

मी बालरोगातली म्हणून त्यांनी एका संध्याकाळी स्टिरॉइडचा विषय काढला. ती बैठक जशी झाली तशी सांगते, म्हणजे त्यांची पद्धत कळेल. अपुऱ्या दिवसांत बाळंतपण होणार असं दिसलं की आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. याची पहिली मोठी ट्रायल (औषधाची चाचणी) लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ साली न्यूझीलंडमधून छापली. पुढे अशा अनेक ट्रायल झाल्या. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात त्या याच ट्रायलच्या आहेत. मॅडमनी ते चिन्ह कागदावर काढलं आणि प्रत्येकाला एकेक रेघ समजावून सांगायला लावली. रेघेची लांबी म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरं उत्तर साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतं तो पट्टा. मधली उभी रेघ म्हणजे काहीच फरक नाही. खालचा पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर. उभ्या रेघेला छेदणाऱ्या लहान लहान ट्रायल एकत्र घेतल्यावर उत्तर कसं स्पष्ट होतं, हे ज्याला त्या चिन्हावर बोट ठेवून सांगता येतं, त्याला अनेक ट्रायलचे निकाल एकत्र करण्याची पद्धत, म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस समजलंय.

मग त्यांनी दोन पेपर पुढे केले. पहिला २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया अशा सहा देशांत झालेली ही ट्रायल. भारतातली ठिकाणं बेळगाव आणि नागपूर. गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांना शिकवून, किट देऊन, स्टिरॉइड खेड्यापाड्यांपर्यंत पोचवायचं असा बेत होता. निकाल असा की सर्वांत कमी वजनाच्या बाळांमध्ये फायदा दिसला नाही आणि एकूण बाळं धरली तर स्टिरॉइडच्या बाजूला नवजात मृत्यू जास्त निघाले, दर हजारी २७.४ विरुद्ध २३.९. दुसरा पेपर २०२० चा, न्यू इंग्लंड जर्नलमधला, जागतिक आरोग्य संघटनेची ट्रायल. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातली रुग्णालयं. इथे नवजात मृत्यू स्टिरॉइडच्या बाजूला १९.६ टक्के आणि दुसऱ्या बाजूला २३.५ टक्के. म्हणजे चक्क फायदा.

"मग औषध चांगलं की वाईट?" मॅडमचा प्रश्न.

टेबलावरच्या एकाने दोन्ही पेपरांत विरोधाभास आहे असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "भांडण नाहीये रे त्यांच्यात. दोघांना वेगळे प्रश्न विचारलेत. प्रश्न वाचा." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. पहिल्या ट्रायलमध्ये गर्भ किती आठवड्यांचा हे बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीने ठरलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे पूर्ण दिवस भरून बाळंत झालेल्या पुष्कळ बायकांनाही इंजेक्शन मिळालं. दुसरीत सोनोग्राफीने वय ठरवून २६ ते ३४ आठवड्यांच्या आतल्याच बायका घेतल्या होत्या आणि बाळाला सांभाळायची सोय असलेली रुग्णालयंच निवडली होती. पहिलीत पूर्ण कार्यक्रमाची परीक्षा होती, दुसरीत औषधाची. हे उत्तर टेबलाभोवती हळूहळू तयार झालं, मॅडमनी ते सांगितलं नाही.

मग तोंडी हिशेब. २३.५ वजा १९.६ म्हणजे ३.९. शंभराला ३.९ ने भागा. साधारण २६. म्हणजे २६ बाळांमागे एक जीव वाचतो. हे मनातल्या मनात करून, पॅनेलकडे बघत, न अडखळता सांगता आलं पाहिजे. त्यावर आणखी एक टाचणी: ही ट्रायल फायदा दिसला म्हणून ठरल्याआधीच थांबवली होती. अशा ट्रायलमध्ये परिणाम असतो त्याहून मोठा दिसू शकतो. पेपरची स्तुती करतानाच हे म्हणणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो, असं त्या सांगतात आणि मला ते पटलं. "लिमिटेशन म्हणजे सॅम्पल साइज लहान" (अभ्यासाची मर्यादा काय, तर त्यात घेतलेल्यांची संख्या कमी) हे पाठ केलेलं वाक्य त्यांच्या टेबलावर चालत नाही. कोणतं लिमिटेशन निकाल कोणत्या दिशेला ओढतं, ते सांगावं लागतं. पी व्हॅल्यू हा शब्द उच्चारलात तर अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही: फरक मुळात नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. एवढं वाक्य पूर्ण म्हणायचं.

आता काकांबद्दल. मॅडमचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, वैद्यकाशी त्यांचा संबंध नाही. शेवटच्या अर्ध्या तासात ते येऊन बसतात आणि पॅनेलवरचे सामान्य नागरिक होतात. इंग्लंडमध्ये संशोधनाचा पैसा देताना पेशंट आणि सर्वसामान्य लोकांचा सहभाग फार गंभीरपणे घेतात आणि मुलाखतींच्या पॅनेलवरही अनेकदा डॉक्टर नसलेली व्यक्ती असते. मॅडमना हे मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं. त्यांच्या मते सरकारी नोकरीच्या मुलाखतीतही हा सराव लागतो, कारण समोरचा प्रत्येक जण तुमच्या विषयातला नसतो.

काकांची एकच अट: उत्तर मराठीत द्यायचं आणि इंग्रजी संज्ञा वापरायची नाही. (हिंदी बोलणाऱ्यांसाठी हिंदीत.) माझा विषय नवजात बाळांची कावीळ. सावळ्या कातडीच्या बाळांमध्ये पिवळेपणा नुसत्या डोळ्यांनी पटकन दिसत नाही, म्हणून मोजणी कधी आणि कोणत्या साधनाने करावी, यावर मला काम करायचं आहे. काकांनी विचारलं, "आमच्या नातवाला रोज सकाळी उन्हात धरा म्हणून सांगितलं होतं. ते बरोबर की चूक?" ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत काविळीवर उपचार म्हणून ऊन वापरू नका असं स्पष्ट आहे. पण हे एका आजोबांना सांगायचं म्हणजे त्यांच्या घरी चूक झाली असं न ठसवता सांगायचं. उन्हात किती किरणं मिळतात ते मोजता येत नाही, बाळ तापतं किंवा गारठतं, आणि दवाखान्यातला निळा दिवा मोजून देता येतो, असं मी सांगत गेले. काकांनी मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न: "मग हे तुम्ही ज्या आयांवर काम करणार, त्यांना कधी विचारलंत का, त्यांना काय हवंय?" हा प्रश्न मला कोणत्याही कोर्समध्ये कोणी विचारला नव्हता. त्या आठवड्यात मी नात्यातल्या आणि शेजारच्या नव्या आयांशी बोलले. बाळाच्या टाचेतून रक्त किती वेळा काढणार, ही त्यांची पहिली काळजी निघाली. माझ्या प्रस्तावात टाच न टोचता कातडीवरून मोजणाऱ्या यंत्राला जी जागा मिळाली ती त्यामुळे.

क्लस्टर ट्रायल, म्हणजे एकेका माणसाऐवजी अख्खे गट वाटून केलेली चाचणी, काकांना समजावण्याचा प्रसंगही लक्षात राहिला. एका मुलीने सांगितलं, "काका, एकाच गावात अर्ध्या बायकांना एक सेवा आणि अर्ध्यांना दुसरी असं करता येत नाही, त्या एकमेकींना सांगणारच. म्हणून अख्खं गावच एका बाजूला घ्यायचं आणि चिठ्ठी गावाच्या नावाची काढायची." मला वाटतं, पॅनेलसमोर याहून चांगलं उत्तर देता येणार नाही.

"नऊ महिन्यांत काय करशील?" याची तयारी त्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून करतात. पानं उलटत विचारतात: एथिक्स कमिटीची परवानगी कुठे लिहू? पेशंट गोळा करायला किती पानं? विश्लेषण कोण करणार, तू की स्टॅटिस्टिशियन, आणि त्याचा वेळ कधी मिळणार? अनेक रुग्णालयांत चालणाऱ्या मोठमोठ्या मल्टिसेंटर ट्रायलचे बेत त्या पानांत मावत नाहीत हे सगळ्यांना आपोआप दिसतं. माझा बेत अखेर असा बसला: आधी उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा, मग एका रुग्णालयातली प्राथमिक मोजणी, आणि त्या जोरावर पीएचडीचा अर्ज. लहान आहे, पण प्रत्येक टप्प्याला महिना नेमलेला आहे.

संशोधनातल्या नीतीबद्दल मॅडम जे बोलतात ते त्यांच्या मनाच्या फार जवळचं आहे. इंदूरमध्ये औषधचाचण्यांवरून जे वादळ उठलं ते आपल्यापैकी अनेकांनी पेपरांत वाचलेलं आहे. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका २०१२ साली सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये चाचणीत भाग घेणाऱ्यांच्या संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करण्याचा आदेश आला. त्याआधी २००९ पासून भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी सक्तीची झालेलीच होती. मॅडम म्हणतात, "संमतीपत्रावर अंगठा आहे म्हणजे संमती आहे असं नाही. हे तुम्ही इंदूरची मुलं सांगणार नाही तर कोण सांगणार?" संमतीवरचा प्रश्न आला की बहुतेक उमेदवार वैद्यकीय नीतीची पाठ केलेली चार तत्त्वं म्हणून दाखवतात. आपल्या शहरात काय घडलं, त्यातून कायदा कसा बदलला आणि म्हणून मी माझ्या अभ्यासात आयांना माहिती कशी देणार, असं बोलणं फार वेगळं वजन घेऊन येतं.

आता जे इथे मिळत नाही तेही सांगते. इंग्लंडच्या अर्जाचं पोर्टल, गुण कसे देतात, जीएमसीच्या (तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) अपेक्षा, तिथल्या एथिक्स परवानगीची पद्धत, यातलं काही मॅडमना विचारू नका. त्या स्वतःच सांगतात की हे माझं क्षेत्र नाही. ते तिथल्या सीनियरकडूनच करून घ्यावं लागतं. क्लिनिकल प्रश्नांचा सराव इथे होत नाही. लोकांशी बोलून घेतलेल्या मुलाखतींवर, गटचर्चांवर उभं असलेलं क्वालिटेटिव्ह संशोधन त्या फार भराभर उरकतात, आणि ही उणीव मला जाणवली, कारण आयांच्या अनुभवांवर काम करायचं तर तेच लागतं. गटात सगळे वेगवेगळ्या मुलाखतींचे असल्यामुळे कधी तासभर दुसऱ्याच्या सॅम्पल साइजवर जातो. मी त्यातूनही शिकले, पण ज्याची मुलाखत चार दिवसांवर आली आहे त्याने एकट्याची बैठक मागावी. घरात मोबाइलचं नेटवर्क धड नाही, म्हणून कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा सराव तिथे होत नाही. तो मी घरी एका मैत्रिणीबरोबर व्हिडिओ कॉलवर केला.

आणि त्या मध्येच थांबवतात. वाक्य अर्धं असताना "पुढे नको, आधी हे सांग" म्हणतात. काहींना हे लागतं. माझ्याबरोबरचा एक मुलगा दुसऱ्या वेळी आलाच नाही. माझ्या मते पॅनेलसमोर थांबवलं जाण्यापेक्षा त्या टेबलावर थांबवलं जाणं कधीही चांगलं, पण ज्याला आधी धीर हवा आहे त्याने हे जाणूनच जावं.

मुलाखतीतले प्रश्न जसेच्या तसे सांगणं नियमाला धरून होणार नाही. एवढंच सांगते की वाचायला दिलेला अभ्यास माझ्या विषयाचा नव्हता, आणि तरीही "कोणते पेशंट घेतले, कोणते वगळले" इथून सुरुवात केल्यामुळे मला बोलायला भरपूर मिळालं. डॉक्टर नसलेल्या सदस्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना समोर काकाच बसले आहेत असं धरून बोलले. संमतीचा विषय निघाला आणि मी इंदूरबद्दल सांगितलं, तेव्हा पॅनेलने त्यावर आणखी दोन प्रश्न विचारले, तेही खऱ्या उत्सुकतेने. मला पहिल्या पसंतीची जागा मिळाली. त्यात माझ्या तिथल्या कन्सल्टंटनी अर्ज तपासून दिला याचाही मोठा वाटा आहे, पण बोलण्याची तयारी पूर्णपणे सुदामा नगरातली.

फी गटात दीड तासाला ८०० रुपये, एकट्याची बैठक १५०० रुपये. रेसिडेंट आणि इंटर्नना सवलत आहे, मागायला संकोच करू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी वर्ग असतो, गणपतीत दहा दिवस आणि रंगपंचमीला बंद. गल्ली अरुंद आहे, चारचाकी अन्नपूर्णा रोडलाच लावून चालत जा. नंबर हवा असेल तर शहरातल्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या कोणत्याही मराठी सीनियरला विचारा, मिळेल. जाताना लॅपटॉप नेऊ नका, त्या उघडू देत नाहीत. स्वतःच्या थीसिसची छापील प्रत मात्र नक्की न्या. पहिल्या दिवशी त्या तीच मागतात आणि सरळ मेथड्सचं पान काढून सॅम्पल साइज कसा काढला ते विचारतात, तेव्हा तेवढं पान आदल्या रात्री वाचून जा.